आईचे माहेरचे आडनाव

२०११ सालच्या चवथीनंतरची गोष्ट. माझे मामा सकाळी दुधाची पिशवी आणायला तिठ्यावर गेले, तर दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. ‘‘मास्तर, तुमी स्पेनाक गेल्ले मरे? केन्ना पावले?’’ मामांना वाटले, सकाळी सकाळी थट्टा चालली आहे. पण दुकानदाराच्या बंगळुरातल्या मुलाने रात्री घरी फोन करून सांगितले होते की, मास्तरांचा मेल आलाय, ते स्पेनात अडकलेत, बॅग आणि पासपोर्ट चोरीला गेलाय, हॉटेलचे बिल भागवायला तातडीने पैसे पाठवा म्हणतात.

मामांकडे पासपोर्टच नव्हता. त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे एकदा काशी, आणि बाकी दरवर्षीचे पंढरपूर. मुक्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोव्यात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यांतल्याच एका शाळेत लागून फोंडे तालुक्यात पस्तीस वर्षे मास्तरकी केलेला हा माणूस. निवृत्तीनंतर भाच्याच्या म्हणजे माझ्याच नादाने संगणक शिकला. त्यांच्या पत्त्यांच्या यादीत दोनशेच्या वर माणसे होती, बहुतेक जुने विद्यार्थी. त्या सगळ्यांना एका रात्रीत तो इंग्रजी मेल गेला होता. सगळे हसले. गावात पुढे महिनाभर ‘स्पेनचे मास्तर’ हा विनोद चालला. मीही हसलो होतो, हे कबूल करतो.

हसणे थांबले ते चौथ्या दिवशी. मस्कतहून एका विद्यार्थ्याचा फोन आला, ‘‘सर, पैसे मिळाले ना?’’ त्याने छत्तीस हजार रुपये पाठवले होते. मामांनी त्याला विचारले, ‘‘अरे, मी तुला इंग्रजीत कशाला लिहीन?’’ त्यावर तो म्हणाला, ‘‘सर, तुम्ही जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नाही. म्हणून वाटलं, मागताय म्हणजे खरंच मोठी अडचण असणार.’’ त्या मुलाने पैसे परत घ्यायला साफ नकार दिला. मग मामा दर महिन्याला पेन्शन झाली की त्याच्या आईकडे जायचे आणि तीन हजार रुपये देवाच्या फळीवर ठेवून यायचे. वर्षभराने छत्तीस हजार पुरे झाले. या व्यवहाराबद्दल त्यांनी घरात एक शब्द काढला नाही, आम्हाला तो त्या बाईंकडूनच कळला.

पण पैशांचे नुकसान हे लहान नुकसान होते. मामांनी नोकरीच्या काळात गावोगावच्या बायकांकडून गीते उतरून घेतली होती. पौषातले ढालो, फुगड्या, दात्यावरच्या ओव्या, लग्नातल्या वेड्यांची गाणी नव्हेत तर तेल-हळदीची गाणी, असे चारशेच्या वर. मूळ वह्यांना वाळवी लागायला लागली म्हणून त्यांनी दोन वर्षे खपून एका बोटाने ती सगळी टंकली आणि स्वतःच स्वतःला मेल करून ठेवली. ‘‘कागदाला वाळवी लागते, याला काय लागणार?’’ असे म्हणायचे. घुसखोराने जाताना खाते धुऊन नेले होते. आलेली पत्रे, गेलेली पत्रे, पत्त्यांची यादी, काही शिल्लक नाही. हे असे का करतात ते मला नंतर समजले. मूळ मालकाला खाते परत मिळाले तरी ‘तो मेल माझा नव्हे’ असे कुणाला कळवता येऊ नये म्हणून. चोराच्या दृष्टीने तो पाच मिनिटांचा, अगदी सोयीचा उपाय. त्याला ढालो म्हणजे काय हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या बायकांनी ती गाणी सांगितली, त्यांतल्या बऱ्याच तोवर गेल्या होत्या.

हे घडले कसे? कुणी मोठा संगणकतज्ज्ञ रात्री जागून मामांच्या खात्यात शिरला नव्हता. मामांना एक मेल आला होता की, आपली टपालपेटी भरत आली आहे, खाते चालू ठेवायचे असल्यास खालील माहिती अठ्ठेचाळीस तासांत भरून पाठवा: नाव, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द, जन्मतारीख. मामांनी चारही रकाने स्वच्छ भरले आणि खाली ‘आपला विश्वासू’ लिहून पाठवून दिले. शिक्षणखात्यात आयुष्य गेलेला माणूस. वरून फॉर्म आला की मुदतीच्या आत भरून पाठवायचा, का म्हणून विचारायचे नाही, हे त्यांच्या हाडीमांसी होते. मला वाटते, गोव्यातल्या माणसाला हे विशेष लागू आहे. पोर्तुगिजांच्या वेळी मुद्रांकाचा कागद, नंतर तीन प्रती आणि अटेस्टेड झेरॉक्स. कागद मागणाऱ्याला उलटून ‘तू कोण?’ असे विचारायची सवय आपल्याला कुणी लावलीच नाही.

तेव्हा ‘म्हातारी माणसे फसतात’ असे म्हणून मिशीत हसू नये. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गुगलकडून आल्यासारखा दिसणारा एक मेल आला की, तुमचा परवलीचा शब्द कुणाच्या तरी हाती लागला आहे, ताबडतोब बदला. कार्यालयातल्या संगणकाच्या जाणकाराला विचारले गेले. त्याने उत्तर दिले की मेल खरा आहे. त्याला ‘खोटा आहे’ असे लिहायचे होते, पण घाईत इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर-जोडाक्षर गळले, असे त्याने मागाहून सांगितले. त्याने बदलण्यासाठी खरा पत्ताही सोबत दिला होता, तरी दाबला गेला तो मूळ मेलमधलाच दुवा. ऑक्टोबरपासून पोडेस्टांची हजारो खाजगी पत्रे विकिलीक्सवर जगाला वाचायला मिळाली. जिथे पगारी माणसे पहाऱ्याला बसली होती तिथे हे घडले. मामांजवळ तर विचारायला मी एकटाच होतो आणि त्यांनी मला विचारले नाही, कारण ‘एवढ्याशा फॉर्मासाठी तुला काय त्रास द्यायचा!’

आता मुद्द्याकडे येतो. या विषयावर बोलायला लागले की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘‘आमच्या मेलमध्ये लपवण्यासारखं आहे काय?’’ मला हे वाक्य अजिबात पटत नाही. घराला कुलूप आपण लाज वाटण्याजोगी वस्तू आत आहे म्हणून लावत नाही. आणि मेलचे खाते ही नुसती खोली नव्हे, ते किल्ल्यांचा जुडगा टांगायची खुंटी आहे. बँक, वीजबिल, आयकर, रेल्वेचे आरक्षण, फेसबुक, फोटो, यांपैकी कुठलाही परवलीचा शब्द विसरलो की नवा करण्याचा दुवा येतो कुठे? मेलमध्येच. म्हणजे ज्याच्या हाती मेल, त्याच्या हाती बाकीचे सगळे एकेक करून येऊ शकते.

अमेरिकेतला मॅट होनन नावाचा पत्रकार. तंत्रज्ञानावरच लिहिणारा, म्हणजे अडाणी नव्हे. २०१२ च्या ऑगस्टमध्ये चोरांनी आधी ॲमेझॉनला फोन करून, त्याच्या खात्यात शिरून, त्याच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे मिळवले. तेच चार आकडे ॲपलला ओळख म्हणून सांगितले आणि तिथले खाते घेतले. ते खाते जीमेलचे पर्यायी खाते म्हणून नोंदलेले होते, त्यामुळे जीमेलही गेले. तासाभरात त्याचा फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप दुरून पुसला गेला. लॅपटॉपवर त्याच्या लहान मुलीचे जन्मापासूनचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत त्याने ठेवली नव्हती. (त्यांतले बरेचसे त्याने पुढे पैसे मोजून परत मिळवले.) चोरांना हवे होते काय, तर त्याचे ट्विटरवरचे तीन अक्षरांचे नाव! त्याच्यापाशी लपवण्यासारखे काही होते की नाही याची कुणीच चौकशी केली नाही.

माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली आपल्या समाजाला सर्वांत न शोभणारी गोष्ट म्हणजे ते ‘सुरक्षा प्रश्न’. तुमच्या आईचे माहेरचे आडनाव काय? जन्मगाव कोणते? पहिली शाळा कोणती? हे प्रश्न ज्याने काढले तो शेजाऱ्याचे नाव माहीत नसलेल्या शहरात राहत असणार. आपल्याकडे गोव्यात कुठलेही मराठी दैनिक उघडा. निधनवार्तेत मृताचे मुलगे, सुना, जावई, भाऊ, पुतणे, सगळे गावांसकट छापलेले असतात. ‘अमक्या गावच्या तमक्यांची कन्या’ हे लग्नपत्रिकेवर कुलदेवतेच्या नावाखाली पहिल्या ओळीत असते. नवीन माणूस भेटला की आपला पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठले?’ आणि दुसरा ‘म्हणजे अमक्यांचे कोण?’ तिसऱ्या प्रश्नाला आपण त्याच्या आजोळी पोहोचलेलो असतो. जे सांगितल्याशिवाय ओळखच पुरी होत नाही, ते गुपित कसे असेल? माझ्या आईचे माहेरचे आडनाव गावात ज्याला माहीत नाही असा माणूस मला दाखवा.

खुद्द अमेरिकेतही हे चालले नाही. २००८ च्या सप्टेंबरात उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सॅरा पेलिन यांचे याहूचे खाते टेनेसीतल्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने उघडले. त्याने परवलीचा शब्द फोडला नाही, तो विसरल्याचे नाटक केले. प्रश्न आले: जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली. पहिली दोन उत्तरे महाजालावर होतीच, तिसरे उत्तर त्यांच्या गावच्या शाळेचे नाव निघाले. त्याला २०१० साली एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. पुढे २०१५ मध्ये गुगलच्या संशोधकांनी आपल्याकडच्या लाखो उत्तरांचा अभ्यास करून प्रसिद्ध केले की, ‘आवडता पदार्थ कोणता’ या प्रश्नाला इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ वीस टक्के लोकांचे उत्तर पहिल्याच प्रयत्नात ओळखता येते. उत्तर पिझ्झा. आपल्याकडे हा प्रश्न विचारला तर वीस टक्के कसले! शीत-हुमण लिहा आणि दार उघडा.

गुगलने हे प्रश्न पुष्कळसे बाजूला टाकले, पण कित्येक ठिकाणी, बँकांतसुद्धा, ते अजून विचारले जातात. तिथे माझा सल्ला असा की सरळ खोटे उत्तर द्यावे. आईचे माहेरचे आडनाव ‘सोलकढी-४७’ असले तरी यंत्राला काही फरक पडत नाही. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांना ते फार जड गेले. आईच्या नावावर खोटे लिहायचे? शेवटी आम्ही तडजोड केली, आणि काय केली ते अर्थातच इथे लिहिणार नाही.

परवलीच्या शब्दाबद्दल बोलायचे तर मला हा मराठी शब्द मुळातच आवडतो. रात्री पहाऱ्यावरचा शिपाई येणाऱ्याला अडवतो आणि ठरलेला शब्द सांगितला तरच आत सोडतो, तो परवलीचा शब्द. आता आपण एकच शब्द वीस किल्ल्यांना वापरतो. एका किल्ल्यावर तो फुटला की उरलेले एकोणीस आपोआप उघडतात. आणि फुटतो तो आपल्या चुकीनेच असे नाही. २०१३ साली याहूवर जो दरोडा पडला, त्यात आधी शंभर कोटी खात्यांचा आकडा सांगितला गेला. २०१७ मध्ये कबूल करावे लागले की त्या वेळची सगळीच्या सगळी, तीनशे कोटी खाती त्यात होती. असे फुटलेले शब्द चोर बाजारात विकतात आणि यंत्राला लावून इतर ठिकाणी चालतात का ते बघत बसतात. म्हणून निदान मेलचा शब्द तरी दुसरीकडे कुठेही नसावा, एवढे एक पाळले तरी निम्मे काम होते. आपला पत्ता अशा एखाद्या दरोड्यात सापडला आहे का हे ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन जाणकाराच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या स्थळावर फुकट पाहता येते. मी माझा पाहिला आणि तीन ठिकाणी सापडला.

तो शब्द कसा असावा याचे जुने नियम मात्र विसरावेत. एक मोठी लिपी, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी बदला, हा जाच ज्यांच्या २००३ सालच्या सरकारी पुस्तिकेमुळे जगभर पसरला, त्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असे सांगितले. त्याच वर्षी अमेरिकी मानक संस्थेने नियम बदलले: लांबी महत्त्वाची, विनाकारण बदलत राहायची गरज नाही. आपण गोवेकर याबाबतीत भाग्यवान. घरातली बोली एक, लिहायची भाषा दुसरी, आणि वर पोर्तुगीजांनी ठेवून दिलेले शब्द तिसरे. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तिरफळ, जनेल, पंचायत, म्हस अशा धर्तीवर, की चोराच्या यंत्राला पुरे झाले. (हे चार इथे छापले म्हणजे बाद झाले, ते वापरू नयेत.) गाण्याची किंवा अभंगाची प्रसिद्ध ओळ नको, ती चोरालाही पाठ असते.

एवढ्यावर भागत नाही. मामांनी जसा शब्द स्वतःच्या हाताने लिहून दिला, तसा तो कितीही लांब असला तरी देता येतोच. म्हणून दुसरे कुलूप हवे. शब्द दिल्यावर आपल्या फोनवर येणारा आकडा मागणारी ही सोय गुगलने २०११ च्या फेब्रुवारीपासून सर्वांना खुली केली होती. मामांचे खाते गेले त्याच्या काही महिने आधी! तेव्हा मला ती ठाऊक होती. मी स्वतः ती लावली होती. मामांना लावून दिली नाही, कारण प्रत्येक वेळी फोन शोधत बसायला त्यांना त्रास होईल असे मला वाटले. ते दुसऱ्या कंपनीच्या खात्यात होते, जीमेलवर आणून दिले असते तर दोन तासांचे काम होते.

आकडा एसएमएसने येण्यापेक्षा फोनमधल्या ॲपमध्ये तयार झालेला बरा, आणि हल्ली पासकी नावाची जी सोय आली आहे ती त्याहून बरी, कारण ती खोट्या पानावर चालतच नाही. एसएमएसचा घोटाळा असा की तो माणसाकडे नव्हे, नंबराकडे जातो. बनावट कागद दाखवून दुसऱ्याच्या नंबराचे सिमकार्ड काढणारे आहेतच. पण गोव्यातल्या घरांत याहून साधी गोष्ट घडते. तारवटी बोटीवर जातो, कुणी आखातात, कुणी लिस्बन किंवा स्विंडनला. इकडचा नंबर रिचार्ज न करता तसाच सोडून देतात. बंद पडलेला नंबर निदान नव्वद दिवस ठेवून कंपनी तो दुसऱ्या माणसाला देऊ शकते, हे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयातही मांडले गेले आहे. तुमच्या मेलमध्ये ‘पुनर्प्राप्तीसाठी’ म्हणून तोच जुना नंबर असेल तर तुमच्या घराची किल्ली कुणा अनोळखी माणसाच्या खिशात आहे. त्याला ती कशाची आहे हे कळत नाही तोवर ठीक. सुट्टीवर आलेल्या मुला-जावयांना बांगडे खायला घालताना हे एकदा विचारावे: मेलमध्ये नंबर कुठला आहे?

आणखी एक जागा, जी खाते परत मिळाल्यावरही लोक बघत नाहीत. घुसखोर कधीकधी जाताना मेल ‘फॉरवर्ड’ करण्याची व्यवस्था लावून जातो. तुम्ही शब्द बदलता, निश्चिंत होता, आणि पुढे वर्षभर तुमच्या प्रत्येक पत्राची नक्कल त्याच्याकडे जात राहते. फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन रकाने उघडून बघावेत, आणि कुठल्या कुठल्या यंत्रांवर आपले खाते उघडे आहे त्याची यादीही. माझ्या यादीत चार वर्षांपूर्वी विकलेला फोन निघाला.

पोलिसांचे म्हणाल तर २००९ पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितके ते अडवले जाण्याची शक्यता जास्त. मामांच्या वेळी हा क्रमांक नव्हता, आणि ‘मास्तर फसले’ हे पोलिसांत जाऊन सांगायला ते तयारही झाले नसते.

कायद्यात ‘दुसऱ्याचा’ असे म्हटले आहे, त्यात घरचे वेगळे काढलेले नाहीत. याबद्दल मला थोडे स्पष्ट लिहायचे आहे. आपल्याकडे नवऱ्याने बायकोचा, सासऱ्याने सुनेचा, बापाने कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा परवलीचा शब्द आपल्याला माहीत असणे हे प्रेमाचे किंवा काळजीचे लक्षण मानले जाते. पूर्वी घरी आलेले पोस्टकार्ड सगळे वाचायचे हे खरे. पण पाकीटबंद पत्र दुसऱ्याच्या नावाचे असेल तर माझी अशिक्षित आजी ते तसेच फडताळात ठेवायची, आणि ज्याचे त्याच्या हातात द्यायची. तिला वाचता येत नव्हते म्हणून नव्हे, वाचून दाखवायला घरात आम्ही पोरे होतोच. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या नोकरीचे पत्र घरातल्याच माणसाने उघडून, नको म्हणून परस्पर कळवून टाकले होते. हीसुद्धा घुसखोरीच, आणि तिच्यापुढे लांब शब्द, दुसरे कुलूप, काही चालत नाही, कारण तो माणूस समोर बसून आकडा मागतो. मदत करायची असेल तर शेजारी बसावे आणि शब्द टंकायच्या वेळी मान फिरवावी.

आता भाषेचे. मामांना आलेला खोटा मेल इंग्रजीत होता, आणि खऱ्या कंपनीच्या सूचनाही इंग्रजीतच यायच्या. दोन्ही सारखेच परके, म्हणून दोन्ही सारखेच अधिकृत वाटायचे. मराठीत चुकीचे, उद्धट किंवा विचित्र लिहिलेले पत्र मामांनी क्षणात ओळखले असते, पस्तीस वर्षे वह्या तपासल्या होत्या त्यांनी! जीमेलमध्ये भाषा मराठी करता येते. आपल्याच माणसांनी तिच्यातल्या शब्दांना हसून ती बाजूला टाकली आहे, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ती लावून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. धोक्याची सूचना निदान वाचता तरी येते. आणि दुव्याचा पत्ता उजवीकडून वाचायला शिकवावे. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटी येते ते खरे गाव, त्याच्या डावीकडचे कुणी काहीही लिहू शकतो. बेळगावातल्या एखाद्या खानावळीच्या पाटीवर ‘पणजी’ लिहिले म्हणून ती पणजीत येत नाही, हे मामांना एका वाक्यात पटले.

जुन्या, वापरात नसलेल्या खात्यांची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. आपल्या गावांत बंद घरे किती आहेत ते बघा. मालक मुंबईला, परदेशात, किंवा वारलेला. अशाच गैरहजर मालकांच्या जमिनी पोर्तुगीज काळातले बनावट दस्तऐवज करून परस्पर विकल्या गेल्या, आणि २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. बंद घराकडे कुणाचे लक्ष नसते हेच चोराचे भांडवल. सायबर कॅफेच्या दिवसांत काढलेले ते पहिले हॉटमेल, याहूचे खाते आठवते का? याहूने २०१३ मध्ये वर्षभर न उघडलेल्या खात्यांची नावे नव्या लोकांना वाटून टाकली होती. गुगल २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षे न उघडलेली खाती पुसते आहे. तुमच्या चालू खात्याचे पर्यायी खाते म्हणून असे एखादे पडके घर नोंदलेले नाही ना, ते आजच पाहा.

यातून एक पेच उरतो तो मला अजून नीट सुटलेला नाही. खाते इतके बंदिस्त केले की आपल्यामागे ते कुणी उघडायचे? आजोबांच्या पेटीतला पत्रव्यवहार वाळवीतून वाचला तर नातवाला वाचता येतो. आमच्या पिढीच्या लेखकांचा सगळा पत्रव्यवहार मेलमध्ये आहे. आपण इतके महिने आलो नाही तर अमक्याला कळवा आणि सामग्री द्या, अशी व्यवस्था गुगलने २०१३ पासून ठेवली आहे. माझ्या ओळखीच्या लिहित्या मंडळींत ती लावलेला एकही जण मला भेटलेला नाही. मी गेल्या वर्षी लावली.

मामा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. मेल वापरणे त्यांनी सोडले नाही. दुसरे कुलूप आहे, फोन हरवला तर वापरायचे दहा राखीव आकडे आहेत, आणि ते कागदावर लिहून घराच्या एक-चौदाच्या उताऱ्याबरोबर लोखंडी पेटीत ठेवले आहेत. गाणी पुन्हा गोळा करायचा प्रयत्न त्यांनी केला, शंभराच्या आसपास परत मिळाली. ती या वेळी मेलमध्ये आहेत, पेन ड्राइव्हवर आहेत, आणि छापून काढून माझ्या कपाटातही आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी मला ती पेटी उघडून दाखवली. राखीव आकड्यांचा आणि परवलीच्या शब्दाचा कागद मोडीत लिहिलेला होता.

‘‘मामा, तुमच्यानंतर हे वाचणार कोण?’’

‘‘म्हणूनच तुला बोलावलंय,’’ म्हणाले आणि पाटी काढली. तेव्हापासून रविवारी दुपारी जेवण झाले की मी त्यांच्याकडे मोडी शिकायला जातो. अजून ‘क’ नीट वळत नाही.